ज्वारी झाली 'श्री अन्न', मग करडई-कारळ्यांनी काय घोडं मारलंय?

काळ्यामातीचा
भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, सरकारनं 'श्री अन्न' म्हणून बारसं घातलं, आणि 'गरिबाघरची भाकर' एकदम पाव किलोच्या चकचकीत पाकिटात जाऊन बसली. ज्वारीचं भलं झालं तर आनंदच आहे. प्रश्न वेगळा आहे: नुसतं नाव बदलून, पाकीट बदलून माल खपतो का? की आधी मालातच काही दुरुस्ती करावी लागते?

डोळ्यासमोर मराठवाड्यातला असा माल आहे ज्याला कुणी विचारत नाही: करडई, कारळं (खुरासणी), जवस, ज्वारीच्या लाह्या, आंबील, बालाघाट डोंगरातलं सीताफळ. यातलं बचतगटाला झेपेल असं काय, आणि गाडी नेमकी कुठं अडते ते लिहा. कोल्ड स्टोरेज नाही, भांडवल बेताचं. 'आपलं ते सोनं' छापाचे प्रतिसाद नकोत.

तिरकस
सोनं नको? मग चांदीचा वर्ख लावून बघा. बर्फीला चालतो, भाकरीला का नाही?

मोंढ्यावरचा
नाव बदलून माल खपतो, याचे पुरावे भरपूर आहेत.

किवी घ्या. मूळचं चीनचं फळ, इंग्रजीत 'चायनीज गूजबेरी' म्हणायचे. न्यूझीलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स या कंपनीला ते अमेरिकेत विकायचं होतं. आधी 'मेलोनेट' हे नाव सुचलं, पण तिथं मेलनवर आयातकर जास्त, म्हणून ते बाद. १९५९ मध्ये त्यांच्या देशातल्या पक्ष्याचं नाव दिलं आणि फळ सुटलं. तसाच पॅटागोनियन टूथफिश नावाचा मासा. 'दात्या मासा' म्हणून कोण खाणार? १९७७ मध्ये एका अमेरिकी आयातदारानं त्याला 'चिलियन सी बास' म्हणायला सुरुवात केली. मासा बास जातीचा नाही, सगळा चिलीतूनही येत नाही, तरी मोठमोठ्या हॉटेलांत गेला.

आपल्याकडं २०२१ मध्ये गुजरात सरकारनं ड्रॅगन फ्रूटचं 'कमलम' केलं. मोंढ्यात, फळबाजारात ते अजून ड्रॅगनच आहे. म्हणजे नाव बदललं की खपतं असा नियम नाही. किवीचं नाव बदललं तेव्हा गिऱ्हाईकाला फळच माहीत नव्हतं, पाटी कोरी होती. ज्वारी मराठी माणसाला जन्मापासून माहीत आहे. त्याला 'श्री अन्न' म्हटलं तर तो हसतो. बंगळुरूच्या माणसाला म्हटलं तर तो पाकीट उचलतो.

घाण्याचा_बैल
मोंढ्यावरचा, तुमच्या यादीत सगळ्यात कामाचं उदाहरण राहिलं: कॅनोला.

मोहरीच्याच कुळातलं रेप नावाचं पीक. त्याच्या तेलात खाण्याला चांगलं न मानलेलं इरुसिक आम्ल भरपूर आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट हे उग्र चवीचं द्रव्य, त्यामुळं जनावरं पेंड खाईनात. तेल यंत्रांच्या वंगणाला जायचं. कॅनडातल्या पैदासकारांनी वर्षानुवर्षं निवड करत हे दोन्ही दोष कमी केलेला पहिला वाण १९७४ मध्ये आणला. 'कॅनोला' हे नाव १९७८ मध्ये नोंदवलं गेलं. आधी दोष काढला, मग बारसं. आपल्याकडं बारसं आधी उरकतात, बाळाला कावीळ आहे का ते नंतर बघतात.

आता करडई. तेलाचा दर्जा उत्तम आहे, लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर. वाणांची कमी नाही, परभणीच्या कृषी विद्यापीठानं शारदा दिली, परभणी कुसुम दिली. मग क्षेत्र का गेलं? काट्यांमुळं. कापणी पहाटे करावी लागते, दवानं काटे मऊ असतात तेव्हा. ऊन चढलं की मजूर रानात हात घालत नाही, आणि वाळलेली बोंडं तडकून दाणे गळतात ते वेगळंच. सोयाबीन काढून मोकळं झालेल्या माणसाला हा ताप कशाला? फलटणच्या निंबकर संस्थेनं नारी-६ हा बिनकाट्याचा वाण काढलाय. पण बिनकाट्याच्या करडईत रानडुक्कर आणि मोकाट जनावरं शिरतात, काटा हेच तिचं कुंपण होतं.

तेलाचं गणित मांडतो. बियांत तेल २८ ते ३२ टक्के. लाकडी घाण्यात सगळं निघत नाही, पेंडीत ७-८ टक्के उरतंच. १०० किलोला २२ ते २५ किलो तेल धरा, म्हणजे किलोभर तेलाला चार ते साडेचार किलो करडई. त्यावर घाण्याची मजुरी, वीज, बाटली. पेंड विकून थोडं परत येतं. या हिशेबानं बाटलीची किंमत रिफाइंड सोयाबीनच्या जवळपाससुद्धा येऊ शकत नाही. ती जवळ आणायचा नाद करू नका. कुणी तसं विकत असेल तर बाटलीत करडई किती ते बघा.

आणि लिटर-किलोचा घोळ. तेल पाण्यापेक्षा हलकं, १ लिटर म्हणजे साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. गिऱ्हाईक किलोच्या हिशेबानं विचारतं, बाटली लिटरची असते. लेबलवर दोन्ही छापा, नाहीतर पहिली तक्रार हीच.

सुगरण_नव्हे
घाण्याच्या तेलाबद्दल एक पुरवणी. नव्या गटांचं तेल महिन्यात खवट होतं आणि दोष करडईला जातो. कारण बहुतेक वेळा गाळ. घाण्यातून आलेलं तेल झाकलेल्या स्टीलच्या टाकीत तीन-चार दिवस स्थिर ठेवायचं, वरचं निवळलेलं काढून कापडातून गाळायचं. तळाच्या गाळात ओल आणि चोथा असतो, तो बाटलीत गेला की तेल तिथून बिघडायला लागतं. दुसरं, काचेची पारदर्शक बाटली दुकानाच्या दारात उन्हात मांडतात. दिसायला सोन्यासारखी, पण उजेडानं हे तेल लवकर खराब होतं. पत्र्याचा डबा नाहीतर गडद बाटली घ्या. एकदा तळणीला वापरलेलं करडईचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, फोडणीला वापरा. हे बाटलीवर लिहिलं तरी चालेल.

दुधनाकाठ
सगळे विकणाऱ्याच्या बाजूनं बोलायलेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

ज्वारीला कमी कुणी लेखलं हे आधी आठवा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उतारा दांडगा, पण खरिपात दाणा पावसात सापडला की बुरशीनं काळा पडायचा आणि भाकरी बेचव लागायची. 'हायब्रीड' हा शब्द आपल्याकडं शिवीसारखा वापरतात तो तेव्हापासून. पुढं १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची मिलो म्हणजे लाल ज्वारी आली, दुष्काळी कामावर सुकडी (पिठाचा गोड खाऊ) मिळाली. एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात 'ज्वारी म्हणजे दुष्काळ' आणि 'गहू म्हणजे बरे दिवस' हे पक्कं बसलं. पाव्हण्याला चपाती आणि घरच्याला भाकरी, ही रीत तिथलीच.

आता उलटं झालंय. रेशनवर गहू-तांदूळ २०२३ पासून फुकट आहे. हमीभाव बघा: २०२५-२६ ला संकरित ज्वारी ३६९९, मालदांडी (रब्बीतली भाकरीची ज्वारी) ३७४९ रुपये क्विंटल, आणि त्याच वर्षीचा गहू २४२५. मालदांडी बाजारात बहुतेक वेळा याच्याही वर जाते. म्हणजे मजुराच्या घरातून भाकरी उठली ती तिला गरिबीचं म्हणतात म्हणून उठली नाही, परवडत नाही म्हणून उठली. बोलिव्हियात किनवा या धान्याचं असंच झाल्याचं सांगतात, २०१३ हे त्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, आणि भाव चढल्यावर तिथल्याच लोकांना ताटात तो महाग वाटू लागला. जाहिरात झाली की पहिला घास कुणाचा जातो, हेही या चर्चेत येऊ द्या.

मोंढ्यावरचा
दुधनाकाठ, अर्धं पटलं. पण ज्वारीचा भाव पाकिटवाल्यांनी चढवला नाही. पाकिटात जातो तो माल एकूण आवकेत चिमूटभर. भाव चढला कारण पेरा घटला. रब्बी ज्वारी काढायची म्हणजे उपटणी, पेंढ्या बांधणी, कणसं खुडणी, मळणी. मजूर मिळत नाही. हार्वेस्टर चालवला तर दाणा हातात येतो, पण कडबा जातो. ज्वारीच्या शेतकऱ्याचं अर्धं गणित कडब्यावर असतं, दुष्काळी वर्षात तर दाण्यापेक्षा कडबा जास्त पैसे करतो. हे 'श्री अन्न'च्या पोस्टरवर कुठंच नसतं.

दुधनाकाठ
कडब्याचं मान्य. 'चिमूटभर'चं नाही. चिमूटभर माल निवडक असतो. चांगल्या प्रतीची मालदांडी आणि दगडी आधीच बाजूला जाते, लोकांना उरलेली.

येळवस
दगडीवरून आठवलं, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय. त्याच वेळी लातूरच्या बोरसुरी तुरीच्या डाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला, कास्तीच्या कोथिंबिरीला आणि वसमतच्या हळदीलाही. जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केशर आंबा आणि बीडचं सीताफळ आधीपासूनच यादीत आहेत. पण मानांकन मिळालं म्हणजे कुणालाही बोर्ड लावता येतो असं नाही. उत्पादकानं स्वतंत्र 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते, तेव्हा तो शिक्का पाकिटावर छापता येतो. बहुतेक गट ही पायरी विसरतात आणि मग 'जीआयचा काय उपयोग' म्हणतात.

तिरकस
कास्तीच्या कोथिंबिरीला मानांकन आणि भाजीवाला ती अजून मेथीवर फुकट टाकतो. कमी लेखलेला पदार्थ म्हणतात तो हाच.

लेबलवाचक
आता पाकिटाची मागची बाजू. पुढची बाजू सगळेच बघतात.

'ज्वारी बिस्किट' उचला आणि घटक वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिला मैदा किंवा गव्हाचं पीठ, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि ज्वारी चौथ्या-पाचव्या नंबरला असेल तर ते ज्वारीच्या चित्राचं बिस्किट आहे. ज्या घटकाचा लेबलवर मोठा गाजावाजा केला त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं, ते बारीक अक्षरात कुठंतरी असतं, शोधा.

बचतगट करतात त्या चुका त्याहून साध्या. 'मधुमेह बरा करते', 'वजन घटवते' असं छापू नका, रोग बरा करण्याचा दावा अन्नपदार्थावर चालत नाही. अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक, शाकाहारी खूण, निव्वळ वजन, कमाल किंमत, बॅच, तारखा, पोषणमूल्यांचा तक्ता, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन, एवढं बसवायला १०० ग्रॅमचं पाकीट अपुरं पडतं. म्हणून आधी लेबल कागदावर मांडा, मग पाकिटाचा आकार ठरवा. उलटं केलं तर छापलेली हजार पाकिटं वाया.

कर: किमान ७० टक्के भरडधान्य असलेलं पीठ सुटं विकलं तर जीएसटी शून्य, पाकीटबंद आणि लेबल लावून विकलं तर ५ टक्के. हे २०२३ मध्ये ठरलं.

रानपाखरू
कारळ्याला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. नामकरणाचा याहून मजेदार किस्सा नाही.

आपण कारळं खलबत्त्यात लसूण-मीठ घालून कुटतो. अमेरिकेत हेच कारळं पाखरांना घालतात. गोल्डफिंच नावाची पिवळी चिमणी त्याच्यावर जीव टाकते, आणि त्यासाठी भारत आणि इथिओपियातून माल जातो. इंग्रजीत नाव 'नायजर'. ते उच्चारायला आणि लिहायला लोक अडखळायचे, एका वर्णद्वेषी शिवीशी गल्लत व्हायची, म्हणून तिथल्या पक्षीखाद्य संघटनेनं १९९८ मध्ये स्पेलिंग बदलून ट्रेडमार्क घेतला. शिवाय तिथं विकण्याआधी उष्णता देऊन बी मारावं लागतं, कारण त्यात अमरवेलाचं बी मिसळलेलं असतं आणि ते त्यांच्या शेतात उगवायला नको.

धडधडीत सांगायचं तर आपली चटणी त्यांची पाखरं खातात आणि आपली पोरं म्हणतात काळी दिसते, नको. कारळ्याची अडचण चवीत नाही, रंगात आहे. तीळ जास्त घालून रंग फिकट केला की कारळ्याचा वास मरतो. त्यापेक्षा काळा रंग लपवू नका. जाडसर कुटून ठेवा, मिक्सरमध्ये बारीक केलं तर तेल सुटून डांबर होतं. थांबून थांबून फिरवा. कारळं मंद आचेवर, तडतड थांबून खमंग वास येईपर्यंत भाजायचं. जास्त भाजलं की कडू, आणि काळ्या दाण्याला करपलेलं डोळ्याला कळत नाही, नाकानंच कळतं. म्हणून एका वेळी पाव किलोच्या वर कढईत घेऊ नका.

येळवस
जवसाचंही तेच. 'फ्लॅक्स सीड' म्हटलं की तेच बी दुप्पट किमतीला. पण त्यात एक खरी गोष्ट आहे: जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ आहे, आणि अख्खं बी चावलं गेलं नाही तर जसंच्या तसं बाहेर पडतं. भरडणं गरजेचं. भरडलेलं मात्र हवेत लवकर खवट होतं. म्हणून भाजलेलं अख्खं जवस जास्त टिकतं आणि चटणी कमी, हा फरक तारखेत दाखवा. दोन्हीवर 'सहा महिने' छापणारे बघितलेत.

सुगरण_नव्हे
आता आंबील, कारण 'प्रोबायोटिक आंबील' असं कुठंतरी छापलेलं बघून हसू आलं.

वेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शेतात आंबील आणि भज्जी (मिश्र भाजी) असते. आंबील करायची तर ज्वारीचं पीठ आंबट ताकात रात्रभर कालवून ठेवायचं, एक वाटी पिठाला दोन वाट्या ताक. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण धार धरून, सतत हलवत घालायचं. हात थांबला की गुठळी. दहा मिनिटं शिजवून पूर्ण गार करायचं, मग ताक घालून पातळ करायचं, वरून ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर.

बघा, शिजवताना रात्रभरातले जिवाणू मेले. जे जिवंत आहेत ते शेवटी घातलेल्या ताकातले. म्हणजे बाटलीत भरून, निर्जंतुक करून विकायची असेल तर 'प्रोबायोटिक' हा शब्द खोटा. आणि निर्जंतुक केली नाही तर दुसऱ्या दिवशी बाटली फुगते, झाकण उडतं. म्हणून आंबील बाटलीत नको. कोरडं मिश्रण विका: भाजलेलं ज्वारीचं पीठ, जिरं, सुका लसूण, मीठ. 'ताक तुमचं' असं लिहा.

तिरकस
'ताक तुमचं, फोडणी आमची, भांडण दोघांचं.' घ्या ब्रीदवाक्य, फुकट.

बालाघाटी
सीताफळाची आशा कमी ठेवा, कोल्ड स्टोरेज नसेल तर. बालाघाटाचं सीताफळ गोड आहे, पण तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ होतं. फळावरच्या डोळ्यांमधली रेघ पिवळसर पांढरी दिसली, डोळे उघडल्यासारखे वाटले, की तोडणीला तयार. ते ओळखता आलं नाही तर फळ दगडासारखं राहून काळं पडतं.

गर काढून विकणं हाच मोठा धंदा आहे, आईस्क्रीमवाले घेतात. पण एक किलो फळातून गर जेमतेम ४०० ग्रॅम, बाकी साल आणि बिया. गर हवेत तांबूस पडतो, आणि तापवला की कडवट होतो, म्हणून आंब्याच्या रसासारखा उकळून डबाबंद करता येत नाही. उणे १८ ते २० अंशाला गोठवणं एवढाच मार्ग. यंत्रात बी फुटलं की गर गेला, बी विषारी असतं, फुटलेलं बी आपल्या डोळ्यात जाऊ देऊ नये. वीज बराच वेळ गेली की सगळी मेहनत पाण्यात. गटानं हे करू नये, गर काढणाऱ्याला प्रतवारी केलेलं फळ द्यावं, क्रेटमध्ये, गवताचा थर घालून. पोत्यात भरून नाही.

घाण्याचा_बैल
विषय जाहिरातीचा आहे तर भारतातल्या दोन मोठ्या जाहिराती विसरू नका. चहा इथल्या लोकांनी आपणहून प्यायला सुरुवात केली नाही. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार झाला, बाजारात आणि रेल्वे स्टेशनावर कप फुकट वाटले, कसा करायचा ते दाखवलं. आणि १९८२ मध्ये अंडी उत्पादकांनी समन्वय समिती काढली, 'संडे हो या मंडे' तिचंच. दोन्हीत काय साम्य आहे? प्रचार एका कंपनीचा नव्हता, अख्ख्या मालाचा होता, आणि पैसा उत्पादकांनीच थोडा थोडा घातला. करडईचा असा प्रचार कोण करणार? प्रत्येक घाणेवाला दुसऱ्याचं तेल भेसळीचं म्हणतो.

मोंढ्यावरचा
चहाचे कप फुकट वाटून 'चव दाखवणं' हा मुद्दा सगळ्यात मोठा. ज्वारीचं सगळ्यात हुशार विपणन हुरडा पार्टीवाल्यांनी केलं. त्यांनी ज्वारी विकलीच नाही, दुपार विकली. दाणा चिकातून जरा पुढं गेल्यावर, नखानं दाबला तर दूध न येता मऊ लगदा येतो, ती वेळ. सुरती, गुळभेंडी, कुचकुची अशा हुरड्याच्याच जाती. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, हातानं चोळून तूस उडवायचं, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. एका पेऱ्याचा हुरडा रानात आठ-दहा दिवसच मिळतो, म्हणून दर दहा दिवसांनी थोडं थोडं पेरायचं, म्हणजे हंगाम दीड महिना चालतो. तोच हुरडा पाकिटात घालून शहरात पाठवला तर चालत नाही, तोडल्यावर दाण्यातली साखर पिठात बदलत जाते, संध्याकाळपर्यंत गोडवा उतरतो.

लेबलवाचक
डाळीची गंमत याच्या उलट. तूर डाळीला चकाकी आणायला पाणी-तेल लावून पॉलिश करतात, ते जादा काम. आता 'अनपॉलिश्ड' डाळ जास्त किमतीला विकतात. एक पायरी कमी करून भाव जास्त. याला विपणन म्हणतात.

काळ्यामातीचा
चांगलं निघायलंय. करडई कळली, सीताफळ सोडलं, आंबील कोरडी. ज्वारीच्या पिठाचा आणि लाह्यांचा कुणी नीट हिशेब सांगेल का? मूळ प्रश्न तोच: दुरुस्ती नेमकी कुठं?

सुगरण_नव्हे
पिठात दुरुस्ती वेळेची आहे. ताज्या दळलेल्या पिठाची भाकरी थापताना तुटत नाही, महिनाभराच्या पिठाची कडेनं फाटते. ज्वारीत ग्लूटेन नाही, जो काही चिकटपणा आहे तो ताजेपणाचा, म्हणून जुनं पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं. नव्या गिऱ्हाईकाला हे माहीत नसतं, तो गार पाण्यात मळतो, भाकरी फुटते, आणि पाकीट पुन्हा घेत नाही. पाकिटावर श्री अन्नाचं चित्र काढण्यापेक्षा 'एक वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकून मग मळा' हे मोठ्या अक्षरात छापा.

दळून आलेलं गरम पीठ लगेच पाकिटात भरू नका. आत वाफ धरते, गोळे होतात, मग बुरशी. स्वच्छ कापडावर पसरून चार-पाच तास गार करा. बाजरीचं पीठ तर याहून नाजूक, आठवडाभरात कडवट. दाणे उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून उन्हात कडकडीत वाळवून दळले तर महिनाभर टिकतं.

लाह्या: ज्वारीवर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटांनी निथळायचं, सुती कापडात रात्रभर बांधून ठेवायचं. सकाळी सावलीत पसरून वरची ओल घालवायची. दाण्याच्या आत ओल हवी, बाहेर नको. कढई इतकी तापवायची की दोन दाणे टाकताच फुटावेत. एका वेळी एकच मूठ, सुती फडक्याच्या बोळ्यानं दाबत फिरवायचं. एका वाटीच्या सात-आठ वाट्या होतात. न फुटलेले दाणे चाळून काढा, दाताखाली आले की गिऱ्हाईक गेलं. फोलपट सुपानं पाखडा, घशात अडकतं. लाह्या उघड्या राहिल्या तर अर्ध्या तासात वातड होतात, म्हणून गार झाल्या झाल्या जाड पाकिटात.

दुधनाकाठ
लाह्यांना माझाही विरोध नाही. त्यात हलक्या भावाची, बारीक दाण्याची ज्वारीही चालते, चांगली मालदांडी गावात राहते. फक्त पावसात काळी पडलेली घेऊ नका, ती नीट फुटत नाही आणि बुरशीचा वास लपत नाही.

मोंढ्यावरचा
आणि पहिली विक्री नागपंचमीच्या आधीच्या पंधरवड्यात करा. लाह्या लोक त्या दिवशी शोधतातच, घरी फोडायला कुणाला वेळ नाही. ३० ग्रॅमचं दहा रुपयांचं पाकीट आणि शेजारी चव घ्यायला उघडी परात, पण ती दर अर्ध्या तासानं बदला.

तिरकस
नाव काय ठेवणार? 'श्री पॉप'?

काळ्यामातीचा
नाव 'ज्वारीच्या लाह्या'. मागच्या बाजूला भाकरीच्या पाण्याचं प्रमाण छापतो, तेवढीच पिठाचीही जाहिरात. नागपंचमीला अजून अडीच महिने आहेत. सुती बोळ्याऐवजी मोठ्या प्रमाणात करायला वाळूची भट्टी लावायची तर वाळू कितपत जाड घ्यावी, आणि ती दाण्यात राहू नये म्हणून चाळणीचं भोक किती, एवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.

घाण्याचा_बैल
नदीची वाळू घ्या, आधी बारीक चाळणीतून माती-भुसा काढा, मग दोनदा धुऊन वाळवा. मग ती वाळू ज्या चाळणीतून पूर्ण खाली पडते आणि ज्वारीचा न फुटलेला दाणासुद्धा वर अडतो, ती चाळणी घ्या. आधी कोरड्या ज्वारीवर करून बघा. वाळूचा एक खडा जरी दाताखाली आला ना, तर करडईच्या काट्यांसारखं होईल, पुन्हा कुणी हात घालणार नाही.